खोडलेल्या पानावरची कविता: कुठून आली, आणि मराठी पेपरावर कशी उतरते

प्रश्न: खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी मराठी शिकवते. शाळेच्या हस्तलिखितासाठी मुलांकडून ‘ब्लॅकआऊट पोएट्री’ (छापील पानावरचे शब्द खोडून उरलेल्या शब्दांची कविता) करून घ्यायचा विचार आहे. हा प्रकार कुणी आणि कधी सुरू केला? सहकारी म्हणतात, दुसऱ्याचं लेखन खोडून कविता कशी होईल, ही तर चोरी. आणि मराठी पेपरावर हे जमतं का?

उत्तर:

बाई, तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेत, त्यामुळं उत्तर थोडं लांबणार. मी बेळगावात आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्याच्या मजकुरावर काट मारणं हा आधी पोटाचा धंदा होता, कवितेसाठी काट मारणं नंतर आलं. आता शाळांत, आणि हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर भागात साहित्य संमेलनं भरतात तेव्हा तिथल्या मुलांबरोबर हे करत असतो.

नेटवर शोधलंत तर पहिलं नाव येईल ऑस्टिन क्लिऑन या अमेरिकन लेखकाचं. २००५ च्या सुमारास त्याला लिहायला काही सुचेना, तेव्हा त्यानं पेपर घेतला, आवडले ते शब्द चौकटीत धरले आणि बाकीचं पान काळ्या मार्करनं भरून टाकलं. २०१० मध्ये या कवितांचं पुस्तक निघालं आणि तिथून हा प्रकार शाळाशाळांत पोचला. पण आपण हे शोधून काढलं असं तो स्वतःही म्हणत नाही. हे तर अमक्यानं आधीच केलंय, असं लोक म्हणायला लागल्यावर तो मागं मागं शोधत गेला आणि थेट अठराव्या शतकातल्या लंडनला पोचला.

तिथं कॅलेब व्हाइटफर्ड नावाचा वाइनचा व्यापारी होता. बेंजामिन फ्रँकलिनचा शेजारी, आणि मोठा थट्टेखोर. तेव्हाचे पेपर अरुंद रकान्यांत छापले जात. व्हाइटफर्ड रकाना वरून खाली न वाचता या रकान्यातली ओळ शेजारच्या रकान्यातल्या ओळीला जोडून आडवा वाचायचा, आणि त्यातून निघालेली भलतीसलती वाक्यं त्यानं १७६६ मध्ये छापायला दिली. आपल्याकडं वाढदिवसाच्या शुभेच्छांशेजारी निविदा सूचना असते. तेवढं पान एकदा आडवं वाचून बघा, म्हणजे त्याला काय सापडलं होतं ते कळेल. त्यानं खोडलं काहीच नाही. पण संपादकानं न ठेवलेलं काहीतरी पेपरात असतं, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

पुढं १९२० मध्ये दादावादी (म्हणजे रूढ कला मुद्दाम उधळून लावणाऱ्यांतला) कवी त्रिस्तान झारानं कवितेची कृतीच सांगितली: पेपरातला लेख घ्या, शब्द कापा, पिशवीत घालून हलवा, एकेक काढून त्याच क्रमानं उतरवा. १९५९ मध्ये पॅरिसला ब्रायन गायसिन हा चित्रकार पुठ्ठा कापत असताना खाली अंथरलेले पेपरही कापले गेले. त्या पट्ट्या शेजारी ठेवल्यावर त्याला जे दिसलं ते त्यानं विल्यम बरोज या अमेरिकन कादंबरीकाराला दाखवलं, आणि ‘कट-अप’ची पद्धत रुळली.

यांना आपल्या प्रकाराचे आजोबा म्हणायचं तर म्हणा, पण माझा थोडा विरोध आहे. कात्रीनं शब्द जागेवरून सुटतो. मग तो कुठंही लावा, तुम्ही मोकळे. खोडण्यात तसं नाही. शब्द जिथं छापला तिथंच राहतो, आधीचा आधी आणि नंतरचा नंतर. पानाचा तो हट्ट पाळावा लागतो. या प्रकारातली सगळी गंमत आणि सगळी कटकट या एका अटीतून येते. म्हणून खरं कूळ मला कात्रीवाल्यांपेक्षा खोडणाऱ्यांत दिसतं.

खोडणारेही बरेच झाले. मॅन रे या कलावंतानं १९२४ मध्ये एक कविता छापली, तिच्यात नुसत्या काळ्या रेघा. ओळी कवितेसारख्या लांबआखूड, कडवी पडलेली, शब्द मात्र एकही नाही. १९५३ मध्ये रॉबर्ट रॉशेनबर्गनं विलेम द कूनिंगकडून त्याचं एक चित्र मागून घेतलं आणि खोडरबरानं पुसून तेच आपलं काम म्हणून मांडलं. आणि मग साठीच्या दशकात एका पाठोपाठ एक तिघं जण, तीन देशांत: इटलीत एमिलिओ इस्ग्रोनं १९६४ पासून छापील पानांवर काळ्या पट्ट्या मारायला सुरुवात केली, अमेरिकेत डोरिस क्रॉसनं १९६५ मध्ये शब्दकोशाचे रकाने रंगवून झाकायला घेतले, आणि इंग्लंडमध्ये १९६६ ला टॉम फिलिप्सनं एक जुनी कादंबरी विकत घेतली.

फिलिप्सपाशी मी थोडा रेंगाळणार, कारण तुमच्या सहकाऱ्यांना उत्तर द्यायचं तर तोच कामाला येतो. मित्राशी बोलता बोलता त्यानं ठरवलं होतं की तीन पेन्सला मिळेल ते पहिलं पुस्तक घ्यायचं आणि त्यावर दीर्घ काम करायचं. लंडनच्या पेकम भागातल्या जुन्या सामानाच्या दुकानात त्याला डब्ल्यू. एच. मॅलॉकची १८९२ ची ‘अ ह्यूमन डॉक्युमेंट’ मिळाली. कुणी फारसं आठवत नाही अशी कादंबरी. तिचं प्रत्येक पान त्यानं शाईनं, रंगानं, चिकटवलेल्या कागदांनी झाकलं आणि थोडे शब्द उघडे ठेवले. नाव मधूनच आकसलं आणि ‘अ ह्यूम्युमेंट’ झालं. उघडे शब्द जोडायला त्यानं ओळींमधल्या पांढऱ्या फटींतून वाट काढली. मुद्रितं तपासणाऱ्याला त्या फटी नेमक्या ठाऊक असतात, पानात अशी पांढरी नदी पडली की आम्ही ती बुजवायला लावायचो. फिलिप्सनं तिचाच रस्ता केला.

त्या पुस्तकाचा एक नायक आहे, टोज. मॅलॉकच्या कादंबरीत या नावाचा कुणी नाही. इंग्रजीत ‘टुगेदर’ आणि ‘ऑल्टुगेदर’ या शब्दांच्या पोटातली चार अक्षरं उघडी ठेवली की ‘टोज’ निघतं. त्यामुळं मूळ पानावर या दोनपैकी एक शब्द असेल तरच बिचाऱ्याला त्या पानावर येता येतं. असं बंधन स्वतःला घालून फिलिप्स पन्नास वर्षं त्याच एका कादंबरीवर काम करत राहिला, जुनी पानं काढून नवी करत. सहावी आणि शेवटची आवृत्ती २०१६ ची. २०२२ मध्ये तो गेला. चोरी करणारा माणूस त्याच घरात पन्नास वर्षं राहत नाही, एवढंच तुमच्या सहकाऱ्यांना सांगा.

दुसरा मोठा माणूस रोनाल्ड जॉन्सन. यानं पडकी कादंबरी नाही घेतली, थेट मिल्टनचं ‘पॅराडाइज लॉस्ट’ घेतलं. लुकास फॉस या संगीतकारानं जुन्या बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपी) रचनांतले सूर मधून मधून गायब करून केलेली एक रचना त्यानं ऐकली आणि दुसऱ्या दिवशी तो मिल्टनवर काट मारायला बसला. १९७७ मध्ये पुस्तक आलं, ‘रेडी ऑस’. इंग्रजी स्पेलिंग समोर ठेवून बघा, मूळ नावातलीच अक्षरं आहेत, बाकीची पुसलेली. जॉन्सनच्या पानावर काळं काही नाही, पुसलेली जागा कोरी आणि उरलेले शब्द मूळ जागी तरंगणारे. नंतर २००४ मध्ये जेन बर्विननं शेक्सपिअरची सुनीतं फिकी छापून त्यातले थोडेच शब्द ठळक ठेवले. २००६ मध्ये मेरी रूफलनं एक जुनं पुस्तक पांढऱ्या करेक्शन फ्लुइडनं झाकलं. म्हणजे काळा मार्कर ही या प्रकारातली एक तऱ्हा झाली. मुलांना हे आवर्जून दाखवा, नाहीतर सगळ्या वह्या कोळशासारख्या दिसतील.

इथवरचा इतिहास कलावंतांचा. पण काळी पट्टी आधी त्यांची नव्हतीच, ती सेन्सॉरची होती. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. युद्धकाळात फौजेतली पत्रं सेन्सॉरच्या हाताखालून जायची. आपल्या भागात कुणाच्या ट्रंकेत आजोबांचं असं पत्र असेल तर त्याइतका चांगला धडा दुसरा नाही. आणीबाणीत २८ जून १९७५ ला ‘इंडियन एक्सप्रेस’नं अग्रलेखाची जागा कोरी सोडली. ती कविता नव्हती, पण कोरी जागाही बोलते हे त्या दिवशी पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला कळलं. अमेरिकेत माहितीच्या कायद्याखाली सरकारी कागद मिळतात ते पुष्कळदा काळ्या पट्ट्या मारून. तिथल्या कवींनी मग तेच हत्यार उलटं धरलं.

अशा कामांतलं मला सगळ्यात हादरवणारं काम कॅनडातल्या एम. नूरबेसी फिलिप या कवयित्रीचं, ‘झाँग!’, २००८. १७८१ मध्ये झाँग या जहाजावरून शंभराहून अधिक आफ्रिकी गुलामांना समुद्रात फेकून मारलं आणि मालकांनी ‘माल बुडाला’ म्हणून विम्याचे पैसे मागितले. खटला चालला तो खुनाचा नव्हे, विम्याचा. त्या निकालाचा अहवाल दोनेक पानांचा आहे. फिलिपनं ठरवलं, कविता करायची ती त्याच अहवालातल्या शब्दांतून. शब्द मोडले, विखुरले, अक्षरं पाण्यावर सुटल्यासारखी पानभर सोडली. हे काटेकोर अर्थानं खोडणं नव्हे, पण अगदी सख्खं नातं आहे. तसंच ट्रेसी के. स्मिथचं. २०१८ च्या एका कवितेत तिनं अमेरिकेचा १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा घेतला आणि इतकं पुसलं की इंग्लंडच्या राजाविरुद्धची तक्रार काळ्या माणसांची तक्रार झाली. शब्द सगळे जाहीरनाम्याचेच.

मात्र याच सुमारास सोलमाझ शरीफ या कवयित्रीनं एक बोचरा मुद्दा मांडला होता (२०१३ मधला लेख). सत्ता माणसं आणि मजकूर पुसते, आणि कवीही पुसतो. मग आपण तिचीच नक्कल तर करत नाही ना? मला वाटतं, चोरीच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न शिक्षकानं मनात ठेवावा. कुणाचं लेखन आपण खोडतोय हे बघायचं. सरकारी सूचना, जाहिरात, मंत्र्याचं भाषण खुशाल खोडा. पण एखाद्या शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी मुलापुढं ठेवून ‘यातून छान कविता काढ’ म्हणू नका. तिथं आधीच पुष्कळ पुसलेलं असतं.

आणि आपल्या मुलांकडून आणखी एक प्रश्न येणारच, कारण आपण राहतो तिथं काळा रंग हा नुसता रंग नाही. एक नोव्हेंबरला इकडं मराठी माणसं हा भाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधात काळा दिवस पाळतात, त्याच दिवशी कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते, आणि पाट्यांना काळं फासण्याचे प्रकार दोन्ही बाजूंनी झालेत. मुलगा विचारतो, ‘ते पण ब्लॅकआऊटच की, सर?’ मी प्रश्न टाळत नाही. पाटीवरच्या डांबराला खाली काही उरायलाच नको असतं, म्हणतो, आणि लगेच पेन्सिल हातात देतो.

आता एक जरा नावडतं बोलतो. संमेलनात कुणीतरी उठून हमखास म्हणतं, ‘हे आपल्याकडं पूर्वीपासून आहे.’ मग मोरोपंतांचं (१७२९–१७९४) निरोष्ठ रामायण निघतं. ओठाला ओठ लागेल असं अक्षर टाळून रचलेलं, म्हणजे ज्याची कथा त्या रामाचं नावच घ्यायची सोय नाही! कमालीची करामत आहे, पण मोरोपंतांनी लिहिण्याआधी अक्षरं वगळली आणि लेखन स्वतःचं केलं. इथं दुसऱ्याचं छापून झाल्यावर वगळायचं असतं. पोथ्यांत लेखनिक चुकीवर पिवळी हरताळ (एक खनिज रंग) फासत, तीही दुरुस्तीच. आपल्याकडं नव्हतं तर नव्हतं; उशिरा आलेल्या पाहुण्याला खोटी वंशावळ कशाला चिकटवायची? साठीतल्या लघु-अनियतकालिकांनी (तरुण लेखकांनी काढलेल्या छोट्या, अनियमित अंकांनी) मराठी पान पुष्कळ सैल केलं, त्या सैलपणात हा प्रकार आज सहज बसतो, एवढं म्हणणं पुरे.

तर मराठी पेपरावर जमतं का? जमतं, पण इंग्रजीची कृती जशीच्या तशी उचलली तर पहिल्याच तासाला मुलं रडकुंडीला येतात. इंग्रजी नाम सुटं असतं, त्याच्या आधीचे ‘टू’, ‘ऑफ’, ‘इन’ खोडले की काम झालं. आपलं नाम प्रत्ययाला चिकटलेलं, शिवाय आतून बदललेलं. ‘पाण्याला’ मधला ‘ला’ खोडला की ‘पाण्या’ उरतं, आणि ते कुठंच उभं राहत नाही. म्हणून पहिली नजर टाकायची ती प्रत्यय न लागलेल्या नामांवर, क्रियाविशेषणांवर आणि धातुसाधितांवर: रोज, हळूहळू, चालत, ओलांडताना. शब्दयोगी अव्ययं मात्र मेजवानी आहेत. ‘घराबाहेर’ मधलं ‘घरा’ मेलं तरी ‘बाहेर’ ठणठणीत जगतं. तसंच वर, खाली, मागे. लिंगवचन सांभाळा, ‘पाऊस’पुढं ‘आली’ आलं की वाचणारा अडखळतो. पेपराच्या मराठीत ‘करण्यात आले’, ‘सांगितले’, ‘म्हटले आहे’ यांचा सुकाळ. बोलणारा कुणीच नसलेली ही क्रियापदं मुलं कंटाळून खोडतात. मी ती ठेवायला सांगतो, थंडपणा त्यातूनच येतो.

आणि मग आहे शब्दाच्या पोटातला शब्द, फिलिप्सच्या टोजसारखा. आपल्या भागातल्या पेपरांत तर खजिनाच आहे. निपाणीत पाणी आहे. खानापुरात पूर आहे, शहापुरातही. महानगरात ‘महान’ आहे, हवं तर ‘नगर’ घ्या. आश्वासनात श्वास आहे. सीमाभागातल्या पेपरात रोज भेटणारा शब्द म्हणजे निवेदन, आणि ‘निवेदनात’ या शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर झाकलं की उरते वेदना. हे मला एका मुलीनं दाखवलं. मी ते अक्षर न् अक्षर तपासत आलो होतो, पण चुका शोधणाऱ्या डोळ्याला असलं काही दिसत नाही.

नमुना म्हणून अशी बातमी समजा (मीच रचलेली, पण दर पावसाळ्यात दिसते तशी):

खानापूर : दुर्गम भागातील रस्ता पावसात वाहून गेल्याने विद्यार्थी रोज चालत शाळेला जात आहेत. नवा पूल बांधावा, अशी मागणी ग्रामस्थांनी केली. याबाबत दिलेल्या निवेदनात पालकांनी म्हटले आहे, की मुलांना नदी ओलांडताना भीती वाटते. अधिकाऱ्यांनी पाहणी करून काम लवकर सुरू करण्याचे आश्वासन दिले.

यातून क्रम न मोडता, ‘आहेत’मधला ‘त’ झाकून, हे निघतं:

पूर
रस्ता रोज चालत
शाळेला जात आहे
वेदना ओलांडताना
श्वास

शेवटच्या दोन ओळी संमेलनात टाळ्या घेतील, पण मला विचाराल तर त्या गुळमट आहेत. तिसऱ्या ओळीवर थांबावं. मुलं नाहीत, रस्ताच रोज चालत शाळेला जातोय, हे बातमीत कुणी लिहिलं नव्हतं आणि तरी बातमीतच होतं. सापडलेला शब्द कितीही हुशार असला तरी कवितेला नको असेल तर खोडायचा. मोठ्यांनाच हे जास्त अवघड जातं.

हाताच्या कामाबद्दल. देवनागरी ओळीला तीन मजले असतात: वर रफार, वेलांट्या, मात्रा, मध्ये अक्षर, खाली उकार. जाड मार्कर एका ओळीवरून फिरवला की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा गिळतो आणि ‘कुल’चं ‘कल’ होतं. त्यामुळं ठेवायच्या शब्दाभोवतीची कड आधी बारीक पेननं काळी करायची, मार्कर नंतर. शब्दाच्या पोटातला शब्द घेताना शिरोरेघ नेमकी तोडावी लागते, तिथंही बारीक पेनच. पेपराचा कागद शाई पितो आणि मागं उमटवतो, खाली पुठ्ठा ठेवा. त्यापेक्षा बातमी थोडी मोठी करून झेरॉक्स काढलेली बरी; चुकली तर दुसरी प्रत असते, आणि हस्तलिखितात चिकटवायला टिकतेही.

तुमची मुलं कन्नडही वाचतात, तेव्हा एक बातमी कन्नड पेपरातली द्या. कन्नडला शिरोरेघ नाही, अक्षरं सुटी, त्यामुळं शब्द मधून तोडणं सोपं. पण प्रत्यय आपल्याहून लांबलचक चिकटतात आणि ओत्तक्षरं (जोडाक्षरातली खाली लिहायची अक्षरं) ओळीखाली लोंबतात, ती जपावी लागतात. एकाच घटनेच्या मराठी आणि कन्नड बातम्यांतून निघालेल्या दोन कविता समोरासमोरच्या पानांवर लावल्या तर हस्तलिखित वेगळंच दिसेल. मला तर तेच सगळ्यात आधी बघायला आवडेल.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडं लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं प्रताधिकार असतो. पूर्ण पुस्तक करायचं असेल तर ह. ना. आपटे, गडकरी, साने गुरुजी यांचं लेखन मोकळं झालंय. हरिभाऊंच्या कादंबऱ्यांची ऐसपैस पानं तर या कामासाठी फारच सोयीची. वर्गातल्या सरावाला पेपराचं कात्रण चालतं. पण पुढं कुठं प्रसिद्ध करायची वेळ आली तर पेपराची परवानगी विचारा, आणि काहीही झालं तरी कवितेखाली पेपराचं नाव, तारीख, मूळ मथळा लिहायला लावा. शक्य असेल तर न खोडलेलं कात्रण शेजारच्या पानावर लावा. सहकाऱ्यांच्या शंकेचं त्याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही.

वेळ किती लागेल म्हणाल, तर दोन तास सलग हवेत. पहिल्या तासाला मार्कर बाहेर काढूच नका. बातमी मोठ्यानं दोनदा वाचायची, मग पेन्सिलनं शब्द घेरायचे, मग फक्त घेरलेले शब्द शेजाऱ्याला वाचून दाखवायचे. शेजारी ‘म्हणजे काय?’ म्हणाला तर खोडरबर आहेच. मार्कर दुसऱ्या तासाला, आणि तो वाटतानाच झाकणं मोजून घ्या.